ओमेगा-३ साठी बांगडा की कॅप्सूल? आणि मुळात हे बनवतं कोण?

कळव्याचा_कारकून | शुक्रवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

रक्ताच्या रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइड वर आलं. डॉक्टर म्हणाले आठवड्यातून दोनदा मासे खा, ओमेगा-३ पोटात जाऊ दे. झालं, घरात दोन पार्ट्या पडल्या. आई म्हणते चेंदणीच्या बाजारातून बांगडे आणते, धाकटा भाऊ म्हणतो कशाला एवढा वास आणि भांडी, कॅप्सूल घे की. यात तिसराच मुद्दा ऑफिसमधल्या एकाने काढला की मासा ते ओमेगा-३ स्वतः बनवतच नाही, त्यालाही ते खाण्यातूनच मिळतं. म्हटलं बरं, मग माशाच्या खाण्यात ते कुठून आलं? आणि त्या खाण्याच्या खाण्यात? कुठेतरी शेवटी कोणीतरी बनवत असणारच ना?

दुसरं म्हणजे आपल्या खाडीतल्या बोय, निवटीत पण हे असतं की फक्त तो महागडा सामन खाल्ला तरच मिळतं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

बोंबलाची_बहीण | १०:२१

पॉपकॉर्न घेऊन बसले. नव्हे, सुका जवळा भाजून घेऊन बसले.

अळूचं_फदफदं | १०:४०

यात मासा हवाच कशाला? जवसाची चटणी खा. एक चमचा रोज. आमच्याकडे तीन पिढ्या कोणी मासा शिवला नाही आणि आजोबा नव्वदीपर्यंत तळ्यावर पोहायला जायचे.

प्रमाण_द्या | १०:४४

आजोबा म्हणजे पुरावा नव्हे.

अळूचं_फदफदं | १०:४६

माहीत होतं तू येणार. इनो घे.

नेरुळची_डायटम | ११:३०

कारकूनसाहेब, धागा आवडला. पूर्वी प्लवकांवर काम केलंय, आता शिकवते, त्यामुळे थोडं लांबण लावणार आहे, सांभाळून घ्या.

तुमचा ऑफिसवाला बरोबर बोलला. बांगडा बनवत नाही, बांगडा ते वाहून आणतो. बनवणारे म्हणजे पाण्यात तरंगणारे एकपेशीय जीव, ज्यांना आपण सरसकट वनस्पती-प्लवक म्हणून मोकळे होतो. ओमेगा-३ हा काही एकच पदार्थ नाही. तीन नावं लक्षात ठेवली तरी पुरे. एएलए, १८ कार्बनची साखळी, ही जवसात, अक्रोडात असते. ईपीए, २० कार्बन आणि पाच दुहेरी बंध. डीएचए, २२ कार्बन आणि सहा दुहेरी बंध. यातल्या शेवटच्या दोन जमिनीवरची झाडं बनवत नाहीत, त्या पाण्यातून येतात. साखळीवर नेमक्या जागी तो दुहेरी बंध घालायला जी एन्झाइम्स लागतात ती माणसाकडे नाहीत, माशाकडे नाहीत, म्हणून यांना आवश्यक फॅटी ॲसिड म्हणायचं, खाल्ल्याशिवाय गत्यंतर नाही.

पण सगळं प्लवक सारखं नसतं आणि खरी गंमत इथेच आहे. डायटम, म्हणजे सिलिकाच्या कवचात राहणारे, यांच्यात ईपीए भरपूर, डीएचए थोडं. डायनोफ्लॅजेलेट्स, म्हणजे शेपटीसारख्या दोन तंतूंनी पोहणारे एकपेशीय, यांचं उलट, त्यांच्यात डीएचए वरचढ. क्रिप्टोफाइट्स नावाच्या आणखी एका गटात दोन्ही मिळतात. हिरवी शैवालं बहुतेक वेळा १८ कार्बनवरच थांबतात. आणि नील-हरित जिवाणू, त्यातला प्रोक्लोरोकॉकस तर उष्ण समुद्रात संख्येने सगळ्यांच्या वर आहे, त्यांच्यात ईपीए-डीएचए नाहीच. म्हणजे उपग्रहाच्या चित्रात समुद्र हिरवागार दिसला तरी त्यात माशाच्या कामाचं तेल किती आहे ते त्या हिरव्यावरून कळत नाही. किती पिकलं यापेक्षा काय पिकलं ते बघावं लागतं.

आता पुढची साखळी. डायटम खातो कोपेपॉड, हा मिलिमीटरभराचा कवचधारी प्राणी, समुद्रातल्या प्राणी-प्लवकात बहुसंख्य हेच. कोपेपॉडला खातात माशांची पिल्लं, मांदेली, बांगडा, आणि त्यांना खाते सुरमई. दर पायरीला खाल्लेल्यातला बराचसा भाग जगण्यात जळून जातो, साधारण दहावा हिस्सा वर सरकतो असं पुस्तकात देतात. पण खाणारा आधी साधी चरबी जाळतो आणि ईपीए-डीएचए शक्यतो राखून ठेवतो, पेशींच्या पडद्यात, डोळ्यात, मेंदूत, अंड्यांत. त्यामुळे बाकी सगळं गळत गेलं तरी ही दोन वर बऱ्यापैकी टिकून पोचतात.

उद्या आईने बांगडा आणला तर साफ करायच्या आधी त्याचं तोंड उघडून आत टॉर्च मारा. कल्ल्यांच्या कमानींवर आतल्या बाजूला लांब, बारीक, दाट दाते दिसतील, मऊ असतात, बोट फिरवलं तर वाकतात. पाणी आत घेऊन त्यातून गाळून प्लवक पकडायचं हे त्याचं हत्यार. सुरमईचं तोंड उघडा, तिथे हे जवळजवळ नसतंच, असतात ते दात.

बोंबलाची_बहीण | ११:३८

आता रात्री साडेअकराला मी फ्रीजरमधला बांगडा काढून त्याच्या तोंडात टॉर्च मारतेय आणि नवरा दारात उभा राहून बघतोय. दाते दिसले हो ताई!

टँकभर_गप्पी | ११:४१

वाचनखूण साठवली. भारी प्रतिसाद.

अळूचं_फदफदं | शनिवार, सकाळी ७:०५

ताई, छान माहिती, पण मग जवसातलं एएलए शरीरात जाऊन त्याचं ईपीए, डीएचए होत नाही का? मी तर असंच वाचलंय.

नेरुळची_डायटम | ८:२०

होतं, पण फार थोडं. ईपीएपर्यंत काही टक्के पोचतं, डीएचएपर्यंत तर बहुतेकांत एक टक्क्याच्याही आत. बायकांत जरा जास्त होतं. जवस खाऊ नका असं नाही, चांगलंच आहे, फक्त ते माशाच्या जागी बसत नाही. तुम्हाला शाकाहारात राहून डीएचए हवं असेल तर त्यालाही वाट आहे. बाळांच्या पावडरीच्या डब्यावर डीएचए लिहिलेलं असतं ना, ते बरेचदा क्रिप्थेकोडिनियम नावाच्या डायनोफ्लॅजेलेटपासून काढतात, टाकीत साखर खाऊ घालून वाढवतात, ऊनही लागत नाही. शायझोकायट्रियम म्हणून दुसरा एक सूक्ष्मजीव आहे, बाजारातल्या शाकाहारी डीएचए कॅप्सूल बहुतेक त्याच्या. मासा मध्ये येतच नाही.

अळूचं_फदफदं | ८:२६

बघा. शेवटी मासा पण शाकाहारावरच जगतो. हेच मी म्हणत होतो.

प्रमाण_द्या | ८:३१

तू हे अजिबात म्हणत नव्हतास.

दिवाळे_बंदर | ९:१०

ताईंनी लिहिलंय ते आमच्याकडे न शिकलेल्या माणसालापण माहीत हाय, फक्त नावं येगळी. पावसानंतर येणारी तारली तव्यावर टाका, तेल घालायची गरज नाय, तिचंच सुटतं. तीच तारली पावसाच्या तोंडावर घ्या, कोरडीठाक. आता एकाच माशात एवढा फरक कशाने? आजा म्हणायचा पाण्यात खाणं आलं की म्हावरं भरतं. आम्ही डोल जाळं लावतो त्यात जवळा येतो, बोंबील येतो, आणि बोंबलाचं पोट फाडलं की आत जवळाच असतो. पण बोंबलाला कधी तेल सुटलेलं नाय बघितलं.

नेरुळची_डायटम | ९:४८

दिवाळे_बंदर, तुमच्या आज्यांनी हे दोन शब्दांत सांगितलं, त्यावर आम्ही प्रबंध लिहितो. तारळीच्या अंगातली चरबी वर्षभर सारखी नसतेच. अंडी घालायच्या काळात, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला, ती खर्ची पडलेली असते. मग नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांनी केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्याला खालचं थंड, खतांनी भरलेलं पाणी वर येतं, डायटमची बहार येते आणि तारळी त्यावर ताव मारते. १९५५ सालीच आपल्या शास्त्रज्ञांनी फ्रॅजिलारिया ओशनिका हा डायटम तारळीच्या सुगीची खूण म्हणून नोंदवला होता. मुंबईसमोर हे खालून पाणी वर येणं तितकं जोरात नसतं. उत्तर अरबी समुद्रात जास्त काम हिवाळा करतो, वरचं पाणी गार होऊन जड होतं, खाली बसतं, घुसळण होते आणि खालची खतं वर येतात.

बोंबलात बरंचसं पाणीच असतं आणि तो जवळा-मासळी खाऊन जगतो, चरबी साठवणारातला नाही. असलेल्या थोड्या चरबीत ईपीए-डीएचए असतं, पण तारळीच्या तुलनेत तोळामासा.

बोंबलाची_बहीण | ९:५२

आयडीचा अपमान सहन केला जाणार नाही.

रोटिफरवाला_पनवेल | ११:१५

माझा अनुभव टाकतो, कारण ही गोष्ट मी पुस्तकात नाही टाकीत बघितलीय. काही वर्षं मत्स्यबीज केंद्रात होतो, जिताड्याची पिल्लं वाढवायचो. पिल्लू अंड्यातून निघालं की दोन-तीन दिवसांत त्याला खायला लागतं आणि तोंड एवढंसं की त्यात फक्त रोटिफर हा पाण्यातला बारीकसा प्राणी जातो, म्हणून रोटिफर वेगळ्या टाकीत वाढवायचे, स्वस्तात म्हणून यीस्टवर. रोटिफर मस्त वाढतात यीस्टवर, पाणी दाट होतं त्यांनी, डोळ्यांनी हलताना दिसतात. पण तेच तसेच पिल्लांना घातले तर पिल्लं खातात, पोट भरलेलं दिसतं, आणि तरी दुसऱ्या आठवड्यात मरायला लागतात, जी उरतात ती वाकडी पोहतात, जरा बादली आपटली की धक्क्याने उलटी होतात. यीस्टमध्ये डीएचए नाही, रोटिफरमध्ये नाही, पिल्लात कुठून येणार? आणि नेमका डोळा-मेंदू घडायचा काळ तो.

म्हणून एनरिचमेंट करायचं. माशाच्या तेलाचं किंवा त्या शायझोकायट्रियमचं इमल्शन मिक्सरमध्ये फिरवून पाण्यात सोडायचं, काही तास रोटिफरला त्यात ठेवायचं, हवा जोरात सोडून, कारण तेलाने ऑक्सिजन झपाट्याने उतरतो, मग बारीक जाळीवर धुऊन लगेच पिल्लांना. लगेच म्हणजे लगेच, ठेवून दिलं तर रोटिफर ते स्वतःच वापरून टाकतो. हाताचा वास दोन दिवस जायचा नाही, लोकलमध्ये बाजूची सीट रिकामी मिळायची.

आर्टेमिया, म्हणजे पिल्लांना घालतात तो दुसरा कोळंबीसारखा बारीक जीव, तर अजून बदमाश. त्याला डीएचए पाजलं तर तो त्यातलं काही मोडून परत ईपीए करून टाकतो. सांगायचा मुद्दा काय, कोपेपॉडवर वाढलेली पिल्लं बघा आणि रोटिफरवरची बघा, रंगावरूनच ओळखू येतात.

टँकभर_गप्पी | ११:२४

@रोटिफरवाला, माझ्याकडे मरीन टँक आहे, कोपेपॉड घरी वाढवता येतात का? म्हणजे बाल्कनीत?

रोटिफरवाला_पनवेल | ११:३०

येतात. घरचे राहू देणार असतील तर. व्यनि कर.

वाशीचा_अडत्या | दुपारी १:०५

एक शंका. म्हणजे जर खाली चुकीचं प्लवक पिकलं, ते हिरवं शैवाल वगैरे ज्यात हे तेल नाही, तर वरची सगळी साखळी उपाशी? मधे कोणी दुरुस्त करत नाही?

नेरुळची_डायटम | १:५०

फार नेमका प्रश्न. करतात, आणि दुरुस्त करणारे मधलेच. १९९९ मध्ये नेदरलँड्सच्या एका गटाने प्रयोग केला. ड्युनालिएला नावाचं हिरवं शैवाल, ज्यात लांब साखळीची फॅटी ॲसिड्स नाहीत, ते थेट कोपेपॉडला खाऊ घातलं, पिल्लांची वाढ खुंटली. मग तेच शैवाल आधी ऑक्सिरिस नावाच्या एकपेशीय शिकाऱ्याला घातलं आणि तो ऑक्सिरिस कोपेपॉडला घातला. कोपेपॉड नीट वाढले! ऑक्सिरिस हा परपोषी डायनोफ्लॅजेलेट, तो खाल्लेल्या मालातून डीएचए आणि स्टेरॉल असलेला माल तयार करतो. तेव्हापासून याला अन्नसाखळीतली प्रतवाढ म्हणून अभ्यासतात. म्हणजे एक पायरी वाढली तर ऊर्जा जास्त वाया जाते हे खरं, पण माल सुधारून पुढे जातो.

वाशीचा_अडत्या | १:५४

मधल्या दलालाने माल सुधारून पुढे दिला, हे आमच्या मार्केटच्या बाहेर पहिल्यांदाच ऐकलं. शेतकऱ्यांना हा दुवा पाठवतो.

प्रमाण_द्या | १:५८

मार्केटच्या आतही ऐकलं नव्हतं.

घोडबंदरचा_वाघ | ३:१०

ते निळं चमकणारं पाणी पण यातलंच ना? २०२० च्या नोव्हेंबरात जुहूला लोक रात्री व्हिडिओ काढायला धावले होते. ते डायटम होते?

नेरुळची_डायटम | ४:०५

नाही, तो नॉक्टिल्युका, डायनोफ्लॅजेलेटच पण वेगळीच वल्ली. एकच पेशी, पण डोळ्याला दिसेल एवढी, अर्धा ते एक मिलिमीटर. आपल्याकडच्या हिरव्या नॉक्टिल्युकाच्या पोटात जिवंत हिरवी शैवालं राहतात, ऊन असलं की ती त्याला पोसतात, शिवाय तो बाहेरचं खातोच, डायटम, कोपेपॉडची अंडी, जे सापडेल ते. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात आधी डायटमची बहार यायची, या शतकाच्या सुरुवातीपासून तिथे नॉक्टिल्युकाचे लांबलचक पट्टे दिसायला लागले. २०१४ च्या एका गाजलेल्या पेपरमध्ये कारण दिलं होतं, कमी ऑक्सिजनचं पाणी वर सरकतंय. नंतर काहींनी जहाजावरून मोजमापं करून ते खोडून काढलं, सिलिकेटची टंचाई वगैरे दुसरी कारणं पुढे आली. कारणावर अजून एकमत नाही.

आपल्या विषयापुरतं महत्त्वाचं काय, तर नॉक्टिल्युका कोपेपॉडच्या तोंडात मावत नाही. त्याला खातात साल्प आणि जेलीसारखे प्राणी, आणि जेलीचं कोणी फार काही करत नाही. म्हणजे तेल असलं तरी ते वेगळ्या गल्लीत शिरलं, बांगड्याच्या गल्लीत नाही आलं.

दिवाळे_बंदर | ४:३०

जेलीचं कोणी काही करत नाय हे खरं, फक्त आमचं जाळं भरतं तिने आणि हाताला खाज.

घोडबंदरचा_वाघ | ४:४१

म्हणजे तारळी गायब व्हायचं कारण सापडलं म्हणा. डायटम गेले, नॉक्टिल्युका आला, तारळी उपाशी.

प्रमाण_द्या | ५:१५

इतकं सरळ नका जोडू राव. केरळात २०१२ ला तारळी जवळपास चार लाख टन उतरली आणि २०२१ ला साडेतीन हजार टनांच्याही आत, हे आकडे सीएमएफआरआय या केंद्र सरकारच्या सागरी मत्स्य संशोधन संस्थेचेच आहेत. पण नॉक्टिल्युकाचे ते पट्टे उत्तरेत, ओमानकडे, आणि तारळीचं घर दक्षिणेत. मध्ये एल निन्यो येऊन गेला, पाणी तापलं, पिल्लं असताना बेसुमार मासेमारी झाली, ती फिशमीलच्या कारखान्यांना गेली. तारळी याआधीही अशी बसलीय आणि परत उठलीय, शंभर वर्षांच्या नोंदी आहेत. एकच खलनायक शोधायची सवय सोडा.

नेरुळची_डायटम | ५:४०

+१. मी पण वर्गात हेच सांगते, आणि तरी दरवर्षी एक तरी उत्तरपत्रिका "नॉक्टिल्युकामुळे तारळी संपली" अशीच येते.

कळव्याचा_कारकून | ६:२०

बापरे, मी जरा बाहेर गेलो तर धागा कुठच्या कुठे. सगळ्यांचे आभार. पण पाणी तापलं की या तेलाचं नक्की काय होतं? म्हणजे फक्त जाती बदलतात की त्याच डायटममध्येही कमी होतं?

नेरुळची_डायटम | ७:३०

त्याच पेशीतही कमी होतं. पेशीचा पडदा चरबीचा असतो आणि तो ना फार घट्ट चालतो ना फार पातळ. दुहेरी बंध असला की साखळीला बाक येतो, मग साखळ्या एकमेकींना चिकटून बसत नाहीत आणि थंडीतही पडदा मऊ राहतो. म्हणून थंड पाण्यातली पेशी ईपीए-डीएचए जास्त करते आणि पाणी तापलं की तिला त्याची तितकी गरज उरत नाही. २०१६ च्या एका अभ्यासात बऱ्याच जातींची प्रसिद्ध आकडेवारी एकत्र करून अंदाज बांधला होता, पाणी २.५ अंशांनी वाढलं तर वनस्पती-प्लवकातलं ईपीए ८.२ टक्क्यांनी आणि डीएचए २७.८ टक्क्यांनी घटेल.

प्रमाण_द्या | ७:३६

यातले बरेच आकडे प्रयोगशाळेतल्या बाटल्यांमधले ना? समुद्रात खतं, ऊन, जाती सगळंच बदलणार.

नेरुळची_डायटम | ७:४४

हो, बाटलीतलेच बहुतेक. म्हणून आकड्यापेक्षा दिशा घ्या. पण आकडा बघून एक गोष्ट मनात बसते की फटका डीएचएला जास्त, आणि पिल्लांना तेच हवं असतं, वर रोटिफरवाल्यांनी लिहिलंय तेच.

सुरमईप्रेमी | ८:१०

थंड पाण्यात जास्त म्हणजे सामन खाणारे शहाणे ठरले तर. मॉलमध्ये त्या गुलाबी तुकड्याचा भाव बघून मी दरवेळी पापलेटकडे वळतो.

रोटिफरवाला_पनवेल | ८:३५

सामनचं जाऊ दे. पिंजऱ्यात पाळलेला सामन जे खाद्य घालाल तसा होतो. पूर्वी खाद्यात माशाचं तेल जास्त असायचं, ते महागलं, पुरेना, मग सोयाबीन, मोहरीवर्गातली तेलं घालायला लागले. स्कॉटलंडच्या पाळीव सामनमध्ये २००६ ते २०१५ या काळात ईपीए-डीएचए निम्म्यावर आल्याची मोजमापं छापून आलीत. तरी बऱ्यापैकी असतं अजून, पण समुद्राचा गुण नाही तो, पोत्यातल्या खाद्याचा गुण. उलट आपला बांगडा कोणी खाद्य घालून वाढवत नाही.

टँकभर_गप्पी | ८:५०

मी आत्ता बाबांची कॅप्सूलची बाटली बघितली. १००० मिलिग्रॅमची कॅप्सूल, आणि मागे बारीक अक्षरात ईपीए १८० मिलिग्रॅम, डीएचए १२० मिलिग्रॅम. बाकी ७०० काय आहे मग?

बोंबलाची_बहीण | ८:५३

आमच्याकडे पण १८०-१२०! वेगळी कंपनी आहे तरी!

नेरुळची_डायटम | ९:२५

वा, हे कोणी काढलं नसतं तर मीच काढणार होते. बाकीची माशाची साधी चरबी आणि इतर फॅटी ॲसिड्स. आणि १८०-१२० हा आकडा कोणा कंपनीने ठरवलेला नाही, ते पेरूच्या किनाऱ्यावरच्या अँकोव्हीचं तेल आहे, धंद्यात त्याला अठरा-बारा तेल असंच म्हणतात. तिथे हम्बोल्ट प्रवाहात वर्षभर खालचं थंड पाणी वर येतं, डायटम माजतात, अँकोव्ही त्या साखळीच्या अगदी खालच्या पायरीवर जगते. डायटममध्ये ईपीए जास्त, म्हणून तेलातही ईपीए जास्त. ट्यूनाचं तेल घ्या, तिथे डीएचए ईपीएच्या कितीतरी पट निघतं. आम्ही समुद्रातल्या प्राण्यांची चरबी तपासून कोण काय खातंय हे काढतो, त्यात डीएचए-ईपीएचं प्रमाण ही एक ढोबळ खूण धरतो. तुमच्या बाबांच्या बाटलीवर पेरूच्या डायटमची सही आहे म्हणा.

टँकभर_गप्पी | ९:२८

डोकं बधिर.

वाशीचा_अडत्या | ९:३३

पेरूचा मासा पकडून, तेल काढून, जहाजाने आणून, जिलेटिनमध्ये भरून ठाण्यात. आणि खाली बाजारात बांगडा पडलेला.

फ्लेमिंगो_ऐरोली | रविवार, सकाळी ६:५०

अवांतर. खाडीत हे एवढे फ्लेमिंगो येतात, लहान रोहित (लेसर फ्लेमिंगो) तर चिखलावरचं शैवाल आणि नील-हरितच खातात म्हणतात. ताई म्हणतात नील-हरितमध्ये हे तेल नाही. मग ते कसे धडधाकट?

नेरुळची_डायटम | ८:०२

चिखलावर नुसतं नील-हरित नसतं, ओहोटीला चिखलाचा जो तपकिरी थर चकाकतो तो बहुतेक डायटमचा. शिवाय पक्ष्यांना एएलएपासून पुढचं बनवायची ताकद आपल्यापेक्षा बरी असते. आणि हो, खाडीच्या चिखलातले जीव हा वेगळाच कारखाना आहे. २०१८ मध्ये असं दिसून आलं की प्रवाळ, रोटिफर, काही समुद्री कृमी, काही शंखवर्गी प्राणी यांच्याकडे ओमेगा-३ मुळापासून बनवायची जनुकं आहेत. किती बनवतात, साखळीत त्याचा वाटा किती, हे अजून मोजायचं काम चालू आहे, पण "फक्त वनस्पती-प्लवकच" असं आता कोणी डोळे मिटून म्हणत नाही.

कळव्याचा_कारकून | ११:१०

आज आईने बांगडे आणले. दाते बघितले, कॉलनीतल्या दोन पोरांना पण दाखवले. तर ठरलं काय मग, तळू की कालवण? आणि खाडीतल्या माशाचं राहिलंच.

सुरमईप्रेमी | ११:१३

हा प्रश्नच कसा पडतो माणसाला. तळा.

रोटिफरवाला_पनवेल | ११:४०

तळलं की थोडं तेल कढईत उतरतं आणि कढईतलं माशात शिरतं, बोंबील-मांदेलीसारख्या कमी चरबीच्या माशात तर जास्तच. त्यात दुहेरी बंधांचं तेल उष्णतेने, हवेने लवकर खवट होतं. कालवण केलं तर जे सुटतं ते रश्श्यात राहतं आणि रस्सा आपण पितोच. आठवड्यातून दोनदा पैकी एकदा तळा, कोण येतंय बघायला. गोळ्या चालू असतील तर कॅप्सूलचं मात्र डॉक्टरांनाच विचारा, ट्रायग्लिसराइडला देतात तो डोस वेगळा असतो.

नेरुळची_डायटम | १२:१५

खाडीच्या माशात असतं, कारकूनसाहेब. बोय चिखलावरचे डायटम चरते, निवटीही तिथलंच खाते, तेव्हा ईपीए त्यांच्यात येणारच. प्रश्न तेलाचा नाही, त्याच्याबरोबर दुसरं काय येतं त्याचा आहे. ठाणे खाडीच्या गाळात जड धातू सापडल्याचे कितीतरी अभ्यास आहेत, सांडपाणी तर रोज दिसतंच. कालवं, तिसऱ्या पाणी गाळून जगतात, पाण्यात जे असेल ते त्यांच्यात. अभयारण्य झालं, २०२२ ला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, त्याने पाणी आपोआप धुतलं जात नाही.

दिवाळे_बंदर | १२:५०

आमची म्हातारी अजून भांगाच्या दिवसांत चिंबोऱ्या काढायला उतरते, तिला कोण सांगणार. पण घरातल्या लहान पोरांसाठी तिसऱ्या आम्ही खाडीच्या आतल्या घेत नाय, उरणच्या बाहेरच्या बाजूने येतात त्या घेतो. बोय उधाणाला बाहेरून आत येते ती बरी, आतच वाढलेल्या बोयीला शिजवताना रॉकेलचा वास मारतो, कोणपण सांगेल. कारकून, आईला सांगा बांगडा घेताना कल्ला उघडून लाल बघायचा, डोळा वर आलेला पाहिजे. तारली आली की इथेच लिहितो.